गोठणगांवचें नोर्ग्येलिंग

भंडारा जिल्हा म्हटला कीं तळीं, तांदूळ आणि पितळेचीं भांडीं या तीन गोष्टी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. चौथी एक गोष्ट या जिल्ह्याचें नांव घेऊन देशोदेशीं गेली आहे. ती मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. ती म्हणजे गोठणगांवाजवळची नोर्ग्येलिंग नांवाची तिबेटी वसाहत. संपत्तीची वाढ होणारें ठिकाण, असा या नांवाचा अर्थ सांगतात. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्याचे दोन भाग झाले, अर्जुनी-मोरगांव तालुका नव्या गोंदिया जिल्ह्यांत गेला आणि त्याबरोबर ही वसाहतहि गेली. तरी तिबेटी लोक तिला अद्यापि ‘भंडारा’ असेंच म्हणतात.

आमच्या वाचकांपैकीं ज्या घरचें एकहि माणूस परदेशीं नाहीं असें घर आतां विरळाच. पंक्तीला बसलें कीं व्हिसाची मुलाखत, तिकडचें घरभाडें आणि डॉलरचा भाव, हेंच बोलणें. परक्या देशांत आपल्या माणसांना काय काय सोसावें लागतें हें आपण आस्थेनें विचारतों. पण आपल्या देशांत परके म्हणून आलेल्यांनीं संसार कसा मांडला, खर्च कसा भागविला आणि कागदपत्रांचें काय केलें, हें क्वचितच विचारतों. तें विचारावें या हेतूनें गेल्या पौषांत आम्ही नोर्ग्येलिंगला जाऊन आलों.

नागपूरहून भंडारा सुमारें साठ किलोमीटर. शहर ओलांडलें कीं वैनगंगेचा पूल लागतो. पुढें लाखनी, मग साकोली. साकोलीहून दक्षिणेस वळलें कीं नवेगांवबांध. ज्यांना आगगाडी सोईची वाटेल त्यांनीं गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीनें अर्जुनीस उतरावें. नवेगांवचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधला अशी परंपरागत कथा आहे. तलाव बांधण्यांत निष्णात असलेले हे कोहळी आपलें मूळ काशीकडचें सांगतात. गोंड राजांनीं आपल्याला इकडे आणलें अशी त्यांची समजूत आहे. पोवार लोक आपलें मूळ माळव्यांतल्या धारेस नेतात. मराठी ब्राह्मण घराणीं भोसल्यांच्या मागोमाग येथवर पोंचलीं. याच तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांच्याहि वसाहती आहेत. तेव्हां या मुलखांत ‘मूळचा कोण?’ असें कोणीं विचारलें तर गोंडांखेरीज फारशा कोणाला मान वर करून उत्तर देतां येणार नाहीं.

गोठणगांवापाशीं गाढवी नदीवर इटियाडोहाचें धरण आहे. जवळच प्रतापगडची टेकडी. तेथें महाशिवरात्रीस महादेवाची मोठी यात्रा भरते आणि त्याच ठिकाणीं मुसलमान भाविकांचा दर्गाहि आहे. तिबेटी लोकांचें नववर्ष, ज्याला ते ‘लोसार’ म्हणतात, तें कित्येक वर्षीं महाशिवरात्रीनंतर दोनतीन दिवसांतच येतें. २०२५ आणि २०२६ या दोन्ही सालीं तसेंच झालें. मग यात्रेची गर्दी ओसरते न ओसरते तोंच पलीकडे लोसारचीं वाद्यें वाजूं लागतात.

वस्तींत शिरतांना प्रथम दिसतात त्या झाडांना आणि छपरांना बांधलेल्या निळ्या, पांढऱ्या, तांबड्या, हिरव्या व पिवळ्या पताका. त्यांवर मंत्र छापलेले असतात. वाऱ्यानें त्या फडफडल्या कीं मंत्राचें पुण्य सर्वत्र पसरतें, अशी या लोकांची श्रद्धा. पताकांखालचें अंगण मात्र अगदीं भंडाऱ्याचें. तणसाचा ढीग, वाळत घातलेल्या मिरच्या, उन्हांत पसरलेलें धान. पौषांत येथें तरुण माणूस शोधावा लागतो. ओसरीवर म्हातारीं, रस्त्यावर शाळकरी मुलें आणि कित्येक दारांना कुलुपें. त्याचें कारण पुढें येईल.

१९५९ च्या मार्चअखेर दलाई लामा भारतांत आले आणि त्यांच्या पाठोपाठ सुमारें ऐंशी हजार तिबेटी हिमालय ओलांडून आले. त्यांच्यापाशीं पासपोर्ट नव्हता, व्हिसा नव्हता, बँकेंत शिल्लक असल्याचा दाखला नव्हता. पंडित नेहरूंच्या सरकारनें त्यांना आसरा दिला. पुष्कळांनीं आरंभीं हिमालयांतल्या सडका बांधण्याची मजुरी केली. पुढें राज्य सरकारांनीं जमिनी दिल्या. १९६० मध्यें म्हैसूरकडे बायलकुप्पे येथें पहिली मोठी वसाहत झाली. नंतर सरगुजांत मैनपाट झालें. आणि १९७२ मध्यें महाराष्ट्रांतील ही एकमेव वसाहत गोठणगांवास वसली.

एका घरीं आम्हांस लोणी व मीठ घातलेला तिबेटी चहा मिळाला. घरधनीण म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या एक आजी. नात त्यांना ‘मोमो-ला’ म्हणते, मुलगा ‘आमा-ला’ म्हणतो. आम्हीं आजीच म्हटलें. त्या लहानपणीं आईच्या पाठीवर बसून भारतांत आल्या आणि लग्न होऊन या वस्तींत राहिल्या. त्यांच्या देशांत सातू पिकतो आणि सातूचें पीठ हेंच मुख्य अन्न. येथें आल्यावर गुडघाभर चिखलांत धान लावायचें होतें. तें आपण शेजारच्या गांवच्या बायकांकडून शिकलों, असें आजींनीं चांगल्या मराठींत सांगितलें. विदर्भाचा वैशाख मात्र कोणाकडून शिकतां येईना. पहिल्या उन्हाळ्यांत ओलीं गोणपाटें अंगावर घेऊन सर्व घर निजत असे.

जमाखर्चाचा विषय आम्हीं काढतांच आजी मोकळेपणानें बोलूं लागल्या. जमीन भाडेपट्ट्याची; तिच्यांतून वर्षाचें खाणें निघतें, रोकड निघत नाहीं. रोकड मिळते ती स्वेटरांतून. धान घरांत येतें न येतें तोंच घरचीं तरुण माणसें लुधियान्याचा माल घेऊन नागपूरसारख्या शहरांत जातात, भाड्याची खोली घेतात आणि पदपथाकडेला वा मैदानांत दुकानें मांडतात. लुधियान्याचे ठोक व्यापारी पुष्कळसा माल उधारीवर देतात. तारण म्हणजे मागच्या वर्षींची फेड. थंडी कडक पडली तर घर वर येतें. ती पडलीच नाहीं तर गठ्ठे तसेच राहतात आणि खोलीचें भाडें अंगावर येतें. कुलुपांचें कारण हें. आजींचा नियम असा, कीं धान विकायचें नाहीं. स्वेटरच्या पैशांतून आधीं लुधियान्याची उधारी, मग मुलांची फी, मग दुखणेंबाणें आणि उरेल तर घराची डागडुजी. हा क्रम एकदांहि मोडला नाहीं म्हणूनच दुकानदार अजून माल देतात, असें त्या म्हणाल्या. घरभाडें आणि खोल्यांतला संसार एकत्र चालविणारीं आमचीं मुलें परदेशीं यापेक्षां निराळें काय करतात?

पोटाचा प्रश्न असा एका पिढींत सुटला. कागदाचा प्रश्न मात्र तिसऱ्या पिढींतहि सुटलेला नाहीं. भारतानें निर्वासितांविषयींच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाहीं. त्यामुळें बोलतांना आपण यांना शरणार्थी म्हटलें तरी कायद्याच्या दृष्टीनें ते नोंदलेले परकीय होत. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयींचे जुने कायदे जाऊन नवा कायदा अमलांत आला. तरी नोंदणी आहेच. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कचेरींतून मिळणारें नोंदणी-प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण ‘आर. सी.’ म्हणतात, तें पूर्वीं वरचेवर नवें करून घ्यावें लागे. जे वीस वर्षांहून अधिक काळ येथें आहेत वा येथेंच जन्मले आहेत त्यांना २०१२ पासून तें पांच वर्षांसाठीं मिळूं लागलें. परदेशीं जायचें तर पासपोर्टाऐवजीं भारत सरकार पिवळ्या रंगाचें ओळख-पुस्तक देतें. तें खरें असतें, कायदेशीर असतें. पण परक्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानें तसलें पुस्तक कधीं पाहिलेलें नसलें तर प्रवाशाला बाजूला बसवून चौकशी सुरू होते.

आजींच्या घरांत या कागदांनीं जें केलें आहे तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे. आपल्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणें २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या पूर्वीं जो भारतांत जन्मला तो, कांहीं थोडे अपवाद सोडून, जन्मानेंच नागरिक. आईबाप कोठले हें पाहिलें जात नाहीं. त्या तारखेनंतर जन्मलेल्याच्या आईबापांपैकीं एक तरी नागरिक असावा लागतो. आजी तिबेटांत जन्मल्या, म्हणून परकीय. थोरला मुलगा १९८५ सालचा, म्हणून नागरिक. मुलगी १९८९ सालची. त्याच घरांत, त्याच सुइणीच्या हातीं जन्मली, परंतु परकीय. बहीणभाऊ एका ताटांत जेवले. सरकारच्या दप्तरांत ते दोन देशांचे.

थोरल्याचा हक्क कायद्यांत आहे हें दिल्ली उच्च न्यायालयानें २०१० सालीं एका तिबेटी मुलीच्या खटल्यांत मान्य केलें. २०१४ सालीं निवडणूक आयोगानें अशा लोकांचीं नांवें मतदारयादींत घालण्यास सांगितलें. २०१६ सालीं त्याच न्यायालयानें पुन्हां तसाच निर्णय दिला आणि २०१७ च्या मार्चमध्यें परराष्ट्र खात्यानें पासपोर्ट देण्याची सूचना काढली. पण त्याच वर्षींच्या जूनमध्यें अटी आल्या. अर्जदारानें नोंदणी-प्रमाणपत्र व पिवळें पुस्तक रद्द करून घ्यावें, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडाव्या आणि वसाहतींत राहूं नये, असें त्यांत होतें.

थोरला नागपुराहून दोन दिवसांसाठीं आला होता, म्हणून भेटला. त्याला आम्हीं सरळच विचारलें. तो म्हणाला, “कायद्यानं मी इथलाच आहो जी. पण तो कागद घ्याचा तर इथून उठा लागते. आमा-ला कुठं नेऊ? तिला नागपुरात चार दिवस करमत नाही.”

आजींना सर्व ऐकूं येत होतें. त्या म्हणाल्या, “माझ्यासाठी थांबू नको म्हणून मी याला चार वर्षांपासून सांगून राहिली. माझी शेजारीण आहे, मठ आहे. पोरीचं शिक्षण मोठं आहे.”

थोरल्यानें उत्तर दिलें नाहीं. चुलींत लांकूड सारलें. त्याची मुलगी यंदां दहावीला आहे. बापाचें नागरिकत्व कागदावर पक्कें झालें कीं तिचेंहि सिद्ध करणें सोपें होईल आणि पुढें सरकारी कॉलेज वा नोकरी हीं दारें उघडतील. उलट वसाहत सोडली कीं खाण्याचें धान गेलें, बिनभाड्याचें छप्पर गेलें आणि नागपुरांत बारा महिन्यांचें भाडें मागें लागलें. पासपोर्टाची सरकारी फी ती केवढी! या घराला तो पडणार आहे एका संसाराच्या भावानें. लोसारला बहीण आणि सर्व मंडळी घरीं येतील तेव्हां बसून ठरवूं, असें त्यानें शेवटीं सांगितलें.

बहिणीपुढें निराळा मार्ग आहे. ती परिचारिका आहे आणि पिवळ्या पुस्तकावर परदेशीं जाण्याच्या विचारांत आहे. १९९० च्या कायद्यानें अमेरिकेनें भारत व नेपाळांतील एक हजार तिबेट्यांना खास व्हिसा दिले आणि तेव्हांपासून तिकडे वाट पडली. कानडानें अरुणाचलांतील हजार तिबेट्यांना बोलाविण्याची योजना आंखली. त्यांतले लोक २०१३ पासून तिकडे जाऊं लागले. घरांतलें एक माणूस बाहेर गेलें कीं वसाहतींतल्या छपराला सिमेंटचा स्लॅब पडतो आणि ओसरीवरचें आणखी एक माणूस कमी होतें. आजींच्या रांगेंतलीं तीन घरें अशींच बंद आहेत.

हें सर्व ऐकत असतां आम्हांस आमच्या परिचयांतल्या एका घराची आठवण झाली. तेथला मुलगा जर्मनींत शिकावयास निघाला आहे. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्या देशानें विद्यार्थ्याला एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीं खात्यांत अडकवून दाखविण्यास सांगितलें आहे. दरमहा ९९२ युरोंप्रमाणें ते त्याला परत मिळतात. तेवढ्यासाठीं घरांतले तिघे भाऊ महिनाभर हिशेब करीत होते. हा हिशेब अवघड खरा, पण तो पैशाचा आहे आणि मुलाच्या खिशांत आपल्या देशाचा पासपोर्ट आहे. तिकडे नाहीं जमलें तर तो परत घरीं येईल, याविषयीं कोणाच्या मनांत शंकाहि येत नाहीं. परत येण्याचा हा हक्क आपण कधीं खर्चाच्या वहींत जमेस धरीत नाहीं.

वाचकांस आमची विनंती दोन गोष्टींची. घरांतलें कोणी बाहेर निघालें असेल तर पैशाच्या आधीं कागद पाहावे. जन्माचा दाखला, नांवाचें लेखन, आईबापांच्या तारखा, हें सर्व एका ठिकाणीं नीट लावून ठेवावें. आणि कोणी बाहेरून आपल्या गांवीं येऊन राहिलें असेल तर त्याच्या खोलीचें भाडें ठरवितांना आपला मुलगा कोठें भाड्यानें राहतो, हें मनांत आणावें.

नोर्ग्येलिंगला जायचें तर महाशिवरात्रीच्या पुढच्या दिवसांत जावें; बहुतेक वर्षीं तेव्हां कुलुपें उघडलेलीं असतात. तें न जमल्यास येत्या हिवाळ्यांत नागपुरास स्वेटर घेतांना दुकानांतल्या बाईला ‘कोणत्या वसाहतीच्या?’ एवढें विचारावें. ‘भंडारा’ असें उत्तर आलें तर भाव थोडा कमीच करावा. लुधियान्याची उधारी अजून फिटायची असेल.