उघडू नये

यंत्राचा स्वभाव त्याच्या आवाजावरून ओळखावा, असे कारखान्यात हयात घालवलेली माणसे सांगतात. परंतु बंद पडून राहिलेल्या यंत्राला आवाज नसतो. ते चांगले की वाईट हे सांगायला दोनच साक्षीदार उरतात : विकणाऱ्याचा शब्द आणि विकत घेणाऱ्याची इच्छा. दोन्ही साक्षी प्रामाणिक असू शकतात. तरी पुराव्यादाखल त्यांतली एकही धरता येत नाही.

सिडनीच्या पश्चिमेकडील एका उपनगरात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असे एक इंजिन सहा वर्षे ताडपत्रीखाली पडून होते. शेजारी माझदा ८०८ ही १९७०च्या दशकातील दोन दारांची गाडी उभी होती. तिच्या नाकाखालची जागा रिकामी होती. मूळचे पिस्टनचे इंजिन केव्हाच काढून टाकलेले. गाडी आणि इंजिन दोन्ही थोरल्या भावाची. हौस मोठी, सवड थोडी, आणि मग एका दीर्घ आजारात सवडही संपली. तो गेल्यावर त्याची चावी एकोणीस वर्षांच्या मुलाकडे आली आणि वही धाकट्या भावाकडे. वहीत इंजिन आणले त्या दिवसाची नोंद होती. किंमत, क्रमांक, आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ : ‘चालू स्थितीत काढलेले. इंजिन चांगले आहे. उघडू नये.’

धाकटा भाऊ व्यवसायाने टर्नर. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर त्याचे पोट चाललेले. पुतण्याचे म्हणणे सरळ होते : बाबांनी लिहूनच ठेवले आहे, तेव्हा इंजिन बसवावे आणि गाडी रस्त्यावर आणावी. काकांनी वही मिटली आणि आधी तपासू या, एवढेच म्हटले. मृताच्या शब्दाची परीक्षा घेणे हे कुणालाही प्रिय वाटणारे काम नव्हे.

इंजिन होते टर्बो जोडलेले रोटरी. १९८५ साली जपानात बाजारात आलेल्या माझदाच्या आरएक्स-७ या गाडीच्या पिढीतले; तिथे ते १८५ अश्वशक्तीचे म्हणून विकले गेले. ८०८ला ते अगदीच परके नव्हते. तिच्याच सांगाड्यात रोटरी इंजिन घालून १९७१ साली जपानमध्ये ‘सव्हाना’ आणि परदेशांत ‘आरएक्स-३’ ही गाडी निघाली होती. थोरल्या भावाच्या मनात जे होते ते एका घराण्यातल्या दोन शाखा पुन्हा एकत्र आणण्यासारखे होते. ताकद मात्र पुष्कळच वाढणार. म्हणून ब्रेक बदलणे आणि सगळ्या कामावर अधिकृत अभियंत्याचा दाखला मिळवणे हेही पुढे ओघाने आलेच असते.

या इंजिनात वर-खाली धावणारे पिस्टन नाहीत, झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही. कमरेशी किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामध्ये तीन कक्ष तयार होतात. प्रत्येक कक्ष फिरता फिरता मोठा होतो, लहान होतो, हवा ओढतो, दाबतो, पेटवतो, बाहेर टाकतो. त्रिकोणाचा एक फेरा पुरा होईतो मधला दंड तीन फेरे घेतो. असे दोन त्रिकोण. प्रत्येकाच्या कक्षाची क्षमता ६५४ घनसेंटिमीटर. कल्पना इतकी साधी की ती पूर्वीच कुणाला का सुचली नाही असे वाटावे. अडचण एकच, आणि ती टोकाशी. त्रिकोणाच्या तिन्ही शिरांवर दोन मिलिमीटर जाडीची एकेक पट्टी असते. तिने भिंतीला सतत चिकटून राहायचे, पण भिंत ओरबाडायची नाही. सगळ्या इंजिनाची अब्रू त्या पट्टीच्या धारेवर उभी असते.

फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाचे असे पहिले इंजिन १९५७ साली एनएसयू कंपनीत चालले. १९६१ साली हिरोशिमाच्या कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, त्याच्या निर्मितीचा करार केला. परवाना हाती आला, तसा दोषही आला. थोडे तास चालल्यावर इंजिनाच्या आतल्या भिंतीवर आडव्या खाचांची रांग उमटू लागली. केनिची यामामोतो आणि त्यांच्या हाताखालचे अभियंते त्या खाचांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्यांनी अखेर तोडगा निघाला आणि १९६७च्या मे महिन्यात ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आली. १९९१ साली चार रोटरांच्या इंजिनाने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. आरएक्स-८चे उत्पादन २०१२ साली थांबले, आणि २०२३ साली एक रोटर पुन्हा अवतरला तो विजेवर चालणाऱ्या गाडीतला जनित्र म्हणून. राजाने कारभार सोडून पाणक्याचे काम पत्करावे, तसा. तथापि त्यात लाज कसली? यंत्राने उपयोगी पडावे.

तपासणीला सुरुवात झाली ती टर्बोपासून. नळी काढून काकांनी त्याचा दंड बोटांच्या चिमटीत धरला, उचलून पाहिला, पुढे-मागे ढकलला. खेळ होता तो तेलाच्या फटीपुरताच. पाती भिंतीला लागत नव्हती. रोटरीत पट्टी तुटली तर तिचे तुकडे धुराच्या वाटेने थेट टर्बोच्या पात्यांवर जातात. पाती शाबूत होती, म्हणजे निदान तो अनर्थ घडलेला नव्हता. पुतण्याचा चेहरा उजळला.

मग गिअरबॉक्स आणि स्टार्टर जोडून, बॅटरी लावून दाब मोजला. साधा मापक तीन कक्षांतला सर्वांत मोठा आकडा तेवढा दाखवतो. दुबळा कक्ष बलवानाच्या आड लपून जातो. म्हणून तिन्ही कक्ष वेगवेगळे दाखवणारा खास मापक उसना आणला होता. मिनिटाला अडीचशे फेऱ्यांच्या हिशेबाने दर चौरस सेंटिमीटरला किमान ६ किलोग्रॅम दाब हवा आणि कक्षाकक्षांत दीडहून अधिक तफावत नको, असा दंडक आहे. पुढचा रोटर : ७.४, ७.३, ७.४. मागचा : ७.१, ७.२, आणि ५.३.

टोकाची एक पट्टी दोन कक्षांच्या मध्ये असते. ती निकामी झाली तर दोन आकडे खाली येतात. इथे एकच खाली होता. म्हणजे दोष बाजूच्या सीलचा असावा, काजळीत अडकून बसलेल्या. प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडले, रात्रभर मुरू दिले, दंड हाताने फिरवला, पुन्हा मोजले. तीन दिवस हेच चालले. तिसऱ्या संध्याकाळी आकडा ५.९वर येऊन थांबला.

“एका दशांशाचा तर प्रश्न आहे, काका,” पुतण्या म्हणाला. “चालू झाल्यावर उरलेलं आपोआप सुटेल.”

ते खोटे नव्हते. कित्येक इंजिने अशी सुटतात. काकांच्या मनातही तेच होते, आणि नेमकी त्याचीच त्यांना भीती वाटली. आकडा आपल्या इच्छेच्या इतका जवळ आला की माणूस आकडा वाचत नाही, इच्छा वाचतो. शिवाय दाबाचा मापक दाबाविषयी बोलतो. पाण्याविषयी तो काहीच सांगत नाही. त्या रात्री त्यांनी वही पुन्हा उघडली, ती ओळ पुन्हा वाचली, आणि सकाळी ५४ मिलिमीटरचा पाना आणला.

त्या मापाची नट फ्लायव्हीलला धरून ठेवते. पान्याला माणसाच्या उंचीचा पाइप लावून दोघांनी भार टाकला तेव्हा ती किंचाळत सुटली. पाच ओतीव भाग एकावर एक रचून लांब बोल्टांनी आवळलेले असतात. ते बोल्ट क्रमाने, थोडे थोडे सैल करत गेले. मागचा रोटर बाहेर आला. अंदाज खरा होता : एका बाजूचे सील काजळीत चिकटून बसले होते. लाकडाच्या चिपाटाने काजळी खरवडताच ते सुटले. भिंतीवरचा क्रोमचा थर गुळगुळीत होता. नखांचे ओरखडे नव्हते. पुतण्या पुटपुटला, “म्हणजे उगाचच उघडलं.”

काका मधल्या लोखंडी पाटीवर दिवा धरून उभे होते. पाटीत कडेने रबरी कडे बसण्यासाठी खाच असते. तिच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला आग. दोहोंमधली कड करंगळीच्या नखाएवढ्या लांबीवर गंजून झिजली होती. कुणीतरी कधीकाळी कूलंटऐवजी नुसते नळाचे पाणी भरले असणार. टर्बोचा दाब चढताच ती कड तुटली असती आणि पाणी कक्षात शिरले असते. मुलगा तेव्हा कुठल्या रस्त्यावर असता, हे दोघांपैकी कुणी बोलून दाखवले नाही.

दुसरी पाटी शोधावी लागली. तीही जुन्या इंजिनातलीच, पुन्हा कुणाच्या तरी शब्दावर. या खेपेस मात्र सरळपट्टी आडवी ठेवून, फीलर गेज घालून ती आधी मोजली. नव्या सीलांची यादी करताना पुतण्याला बाकाखालच्या खोक्यात एक न फोडलेले पुडके सापडले. आत सीलांचा पूर्ण संच, रबरी कड्यांसह. पावतीवरची तारीख वहीतल्या नोंदीनंतर तीन वर्षांची, आजाराचे निदान झाले त्या वर्षीची. म्हणजे थोरल्यालाही पुढे शंका आली होती. त्याने उघडायचे ठरवले होते. हातच पोचले नाहीत. ती ओळ मात्र त्याने खोडली नव्हती.

“का खोडली नसेल?” मुलाने विचारले. काकांनी उत्तर दिले नाही. त्यांनी कडी दोन बोटांत ताणून पाहिली. रबर अजून जिवंत होते.

इंजिन पुन्हा रचायला पाच रविवार लागले. जोडून झाल्यावर, स्टार्टर लावण्यापूर्वी, मुलाने लांब दांड्याने दंड हळूहळू फिरवला. धुराच्या तोंडातून श्वास सोडल्यासारखा आवाज आला. एक, दोन, तीन. सारख्या अंतराने, सारख्या जोराचा. काका डोळे मिटून ऐकत होते. इंजिन अजून चालू व्हायचे होते, ब्रेक बदलायचे होते, दाखला मिळायचा होता.

मुलाने वही घेतली. वडिलांच्या ओळीवर त्यानेही रेघ मारली नाही. तिच्याखाली त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिले : ‘उघडले. मधली पाटी बदलली. सील बाबांनी आणलेली.’