जुन्या खिडक्यांची चमक

शाबान लागला की आमच्याकडे शहाडला घराघरांतून घासण्या-धुण्याचे आवाज येऊ लागतात. रमजानआधी भांडी, पडदे, पंखे सगळ्यांचा नंबर लागतो. शेवटी उरतात ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या. एकीकडे रेल्वे, दुसरीकडे कल्याण-मुरबाड रस्ता. धूळ कमी नाही. कितीही घासा, चौकटी पांढुरक्याच दिसतात. मग कुणीतरी म्हणतंच, "आता बदलूनच टाका."

यंदा आमच्या घरात हा विषय जरा नाजूक झाला. धाकट्या भावाचा निकाह ईदनंतर ठरला आहे. "भाई, पाहुणे येणार. या भंगारात देऊ, नव्या बसवू," तो म्हणाला. अम्मी गप्प राहिली. या खिडक्या अब्बांनी एकदम बसवल्या नव्हत्या. बोनस मिळेल तशी एका वर्षी हॉलची, पुढच्या वर्षी स्वयंपाकघराची. आज अब्बा नाहीत. अम्मीचं गप्प राहणं मला समजत होतं. पण भावाचंही चुकत नव्हतं. खिडक्या खरोखर कळाहीन झाल्या होत्या, सरकतही नव्हत्या.

ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर येतो आणि तोच आतल्या धातूला जपतो. ॲनोडायझिंग म्हणजे कारखान्यात विजेच्या मदतीने हाच थर मुद्दाम जाड करणं. म्हणून चौकटीवर दिसतं ते सगळंच मळ नसतं, त्यात तिचं कवचही असतं. संडासाचं ॲसिड, कॉस्टिक, धुण्याचा सोडा यांनी मळाबरोबर कवचही जातं. तारेच्या घासणीने ओरखडे पडतात, शिवाय तिचे लोखंडी कण अडकून पुढे तांबूस डाग उमटतात.

तेव्हा आधी चौकट कोणती ते पाहावं. रंगासारखा लेप असेल तर ती पावडर कोटिंगची. एकसारखी मंद चमक असेल तर बहुधा ॲनोडाइज्ड. या दोन्हींना कोमट पाणी, थोडा लिक्विड साबण आणि मऊ फडकं एवढंच पुरे. वाळल्यावर गाड्यांना लावतात ते मेण हलक्या हाताने लावावं. ॲनोडाइज्ड थर घासून गेलेला असेल, तर तो घरी परत येत नाही.

आमच्या खिडक्या साध्या, लेप नसलेल्या निघाल्या. त्यांना जास्त उपाय चालतात. धूळ ब्रशने झाडून साबणाने धुतल्या. मग व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन आधी एका कोपऱ्यात लावून पाहिलं. पाच मिनिटांनी पुसून स्वच्छ पाण्याने धुतलं. त्यानंतर धातूचं पॉलिश, तेही गोल गोल न घासता पट्टीच्या लांबीच्या दिशेने. शेवटी मेण.

उल्हासनगरहून नवे रोलर आणि रबर आणले. खालच्या ट्रॅकमधली माती काढली, पाणी जाण्याची भोकं काडीने मोकळी केली. तेव्हा कळलं, भावाची अर्धी तक्रार चमकेबद्दल नव्हतीच. खिडकी एका बोटाने सरकली तसा तोच म्हणाला, "हॉलच्या राहू देत."

स्वयंपाकघराची खिडकी मात्र बदलावी लागली. तिच्या चौकटीला खड्डे पडले होते आणि पॉलिशने खड्डे भरत नाहीत. अम्मीने ते स्वतः पाहिलं आणि मान हलवली. जुनी चौकट भंगारवाल्याकडे गेली. तीही वाया जात नाही. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण पाच टक्क्यांत जुनं वितळवून पुन्हा वापरता येतं. पण जी टिकू शकते ती चौकट न वितळवणंच सगळ्यांत स्वस्त.

हॉलच्या खिडक्या नव्यासारख्या झाल्या नाहीत. स्वच्छ झाल्या, मंद चमकतात, नीट सरकतात. लग्नघरात तेवढं पुरतं. तुमच्याकडे ईदआधी रंगकाम निघणार असेल, तर चौकटींना आधी टेप लावून घ्या. चुना किंवा सिमेंट उडालंच तर ओलं असतानाच पुसा. एकदा वाळलं की त्याचा डाग कुठल्याही पॉलिशला दाद देत नाही.