वटलेले चेक

माणसाला कोणता छंद जडावा याला काही नियम नाही. कुणी जुनी नाणी जमवतो, कुणी काड्यापेट्यांवरची चित्रे. आमच्या शेजारच्या वहिनी अडकित्ते जमवतात. त्यांनी निदान सुपारी तरी कातरता येते. मी जमवते ते चेक. चेक म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. शाळामास्तरणीच्या कपाटात दीड-दोनशे चेक! मग मी सांगते, की ते सगळे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच वटून गेले आहेत आणि आता त्यांच्यावर कोणतीही बँक फुटकी कवडी देणार नाही. लगेच त्याच डोळ्यांत माझ्याविषयी कीव दाटून येते.

आमचे हे बँकेत आहेत. दिवसभर चेक हाताळून विटलेल्या माणसाला घरी आल्यावर बायको भिंगातून चेक न्याहाळताना दिसावी, म्हणजे हलवायाच्या घरी पाहुण्याने पेढे घेऊन यावे तसेच!

"अगं, वटलेला चेक म्हणजे मेलेला कागद," हे म्हणतात. "त्याचं कसलं कौतुक?"

हे कौतुक मला लावले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो न्यू जर्सीला असतो. एका दिवाळीला त्याने शुभेच्छापत्राऐवजी न्यूयॉर्कच्या एका बँकेचा १८७१ सालचा चेक पाठवला. तिकडे जुन्या कागदांच्या बाजारात असले चेक थोडक्या पैशांत मिळतात म्हणे. कुणीतरी कुणा कोळसेवाल्याला साडेबारा डॉलर दिले होते. व्यवहार एवढासा, पण कागदाचा थाट काय वर्णावा! डाव्या कोपऱ्यात एक कुत्रा तिजोरीपुढे बसलेला, पंजाखाली किल्ली दाबून धरलेली. भिंग लावून पाहिले, तर त्याच्या अंगावरचा केस न् केस वेगळा दिसतो. पुढे आलेल्या चेकांवर आगगाड्या आल्या, शिडांची जहाजे आली, धान्याची पेंढी घेतलेल्या स्त्रिया आल्या, मधमाश्यांचे पोळेही आले.

ही सजावट नुसत्या हौसेची नव्हती. पोलादाच्या तुकड्यावर कसलेला कारागीर हे चित्र रेघारेघांनी उलटे कोरी. मग ते पोलाद तापवून कठीण करीत आणि त्याचा ठसा पोलादाच्याच रुळावर उतरवून पुन्हा हव्या तितक्या पत्र्यांवर उठवीत. अशा बारीक रेघांची नक्कल करताना खोटेपणा करणाराचा हात हमखास चुके. न्यूयॉर्कची अमेरिकन बँक नोट कंपनी १८५८ साली सात छापखाने एकत्र येऊन निघाली, ती याच कामासाठी. नोटा, शेअर, चेक, सगळ्यांवर तिच्या कोरक्यांची चित्रे. चित्र सुंदर, कारण ते पहारेकरी होते. तो किल्लीवाला कुत्रा उगाच नाही बसलेला!

त्या चेकवर एक नारिंगी तिकीटही आहे. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन, आणि किंमत दोन सेंट. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, लिंकनच्या सरकारला पैसा हवा होता. म्हणून १८६२ मध्ये दस्तऐवजांवर तिकिटांचा कर बसला. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून लावणाऱ्याने त्यावर शाईने आपली आद्याक्षरे आणि तारीख लिहायची. युद्ध १८६५ मध्ये संपले. पण सरकार एकदा हात पसरले की तो लवकर आखडत नाही! चेकवरचे ते दोन सेंट १८८३ पर्यंत राहिले. १८९८ मध्ये स्पेनशी लढाई जुंपली, तसे ते पुन्हा आले. या खेपेला तिकिटावर लढाऊ जहाज होते. १९०१ मध्ये ते गेले. आपल्याकडेही चेकला एक आण्याचे तिकीट लागे. तो कर १९२७ साली उठला.

वर्गात मुलांना मी हे तिकीट दाखवते आणि विचारते, याचा आपल्या मुंबईशी काय संबंध? कुणालाच सांगता येत नाही. अहो, ज्या युद्धाने तिकडे हे तिकीट चिकटवले, त्याच युद्धाने इकडे मुंबईत सोन्याचा पाऊस पाडला. अमेरिकेचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या. पैसा इतका झाला, की समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर घ्यायला झुंबड उडाली. १८४० साली निघालेल्या बँक ऑफ बॉम्बेने त्या शेअरांवर सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअरांचे कागद रद्दीच्या मोलाचे झाले. १८६८ मध्ये ती बँकच गुंडाळावी लागली. कागदावर सही ठोकायला क्षण पुरतो. ती राखायला माणूस लागतो.

म्हणूनच मला वटलेल्या चेकांचे मोठे अप्रूप आहे. माझ्या बहुतेक चेकांना चिरा आहेत, भोके आहेत. पैसे दिल्यावर बँकेने कागद मुद्दाम जखमी केला, आणि हिशेबाबरोबर तो ज्याचा त्याला परत धाडला. अमेरिकेत तशी रीत होती, म्हणून तर घराघरांतल्या ट्रंकांतून ते गठ्ठ्यांनी उरले. आपल्याकडे वटलेला चेक बँकेतच राहतो. ही जखम म्हणजे 'शब्द पाळला' अशी खूण. जगात मोडलेल्या शब्दांची कोर्टात दप्तरेच्या दप्तरे असतात. पाळलेल्या शब्दांची नोंद कुणी ठेवायची?

माझ्या संग्रहात एकच चेक असा आहे, की ज्याला चीर नाही, भोक नाही. तो माझ्या वडिलांचा आहे.

तालुक्याच्या गावी वडिलांचे वह्या-पुस्तकांचे छोटे दुकान होते. आजारपणात त्यांनी एका जुन्या स्नेह्यांकडून अठरा हजार रुपये घेतले होते. जरा बरे वाटताच त्यांनी त्या काकांना चेक दिला. काकांनी तो भरलाच नाही. "घाई काय आहे? त्याचं औषधपाणी चालू आहे," असे म्हणून पंचांगात ठेवून दिला. दोन महिन्यांनी वडील गेले. तेराव्या दिवशी काकांनी चेक माझ्या हातात ठेवला. "बाळ, हा फाडून टाक. देणं-घेणं संपलं."

रात्री मी यांना विचारले. हे बँकेतल्यासारखेच बोलले. खातेदार गेल्याचे कळले, की बँक त्याचा चेक देत नाही. शिवाय चेक चालतो तीन महिने. आणि घेणारा आपणहोऊन सोडतो आहे. "तुझ्यावर कसलंच बंधन नाही."

"बंधन नाही हो. पण सही आहे ना?"

त्या वर्षी माझ्या कादंबरीचे मानधन आले होते. ते घराच्या गळक्या छपरासाठी बाजूला ठेवले होते, आणि पावसाळा तोंडावर होता. हे काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बँकेतून येताना अठरा हजारांच्या कोऱ्या नोटा घेऊन आले. दोनदा मोजल्या. मग खिशातून एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट काढून माझ्यापुढे ठेवले.

"हे कशाला?"

"रक्कम पाच हजारांच्या वर आहे. पावतीला तिकीट लागतं. करायचं तर रीतसर करावं."

काका पैसे घेईनात. शेवटी मी म्हणाले, "काका, तुम्ही सोडलंत तर बाबांची सही खोटी पडेल." तेव्हा त्यांनी हात पुढे केला. चेकच्या पाठीवर तिकीट लावून, 'रक्कम पोचली' असे लिहून, त्यावर आडवी सही केली. हात थरथरत होता. सही थोडी तिकिटाबाहेर गेली आहे.

तो पावसाळा आम्ही घरभर पातेली मांडून काढला.

परवा संग्रह लावताना तो चेक मी यांच्यापुढे धरला. "काय हो, हा वटला म्हणायचा का?"

यांनी चष्मा लावला. सवयीने तारीख पाहिली, आकडा पाहिला, अक्षरी रक्कम पाहिली, वडिलांची सही पाहिली. मग चेक उलटा करून पाठीवरची सही पाहिली.

"वटला," हे म्हणाले, आणि चेक दोन्ही हातांनी माझ्या हाती दिला.