नारायणगडाची यात्रा आणि लोखंडाचे इल्म

बीड शहराजवळ बालाघाटच्या डोंगरात नारायणगड आहे. नगद नारायण महाराजांचे हे स्थान मराठवाड्यात ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. आषाढीला ज्यांचे पंढरपूरला जाणे होत नाही, ते इथे येतात. यात्रा म्हटली की बांगड्या, भांडी, विळे-कोयते अशी दुकाने आलीच, आणि त्यांत आपले बिरादरही असतात. आमच्या उर्दू शाळेतल्या आठवीच्या मुलांना आम्ही गडावर नेले ते धातूंचा धडा दाखवायला.

पायथ्याशी एका बाईंनी लिंबांची रास रचली होती. मुलांनी विचारले, ही ढासळत कशी नाही? त्या म्हणाल्या, “लिंबावर लिंबू ठेवायचं नाही, दोन-तीन लिंबांच्या मधल्या खळग्यात बसवायचं.” धातूतले अणूही असेच बसतात. एका थरात प्रत्येक अणूभोवती सहा, वरच्या खळग्यांत तीन, खालच्या खळग्यांत तीन, असे बारा शेजारी. या रचनेत 74 टक्के जागा भरते. डोक्यावर डोके ठेवत गेलो तर जेमतेम 52 टक्के. गोळे याहून दाट रचताच येत नाहीत, असे केप्लरने 1611 मध्ये म्हटले. थॉमस हेल्स यांनी ते 1998 मध्ये सिद्ध केले आणि 2014 मध्ये संगणकाने त्या सिद्धतेची पडताळणी पूर्ण झाली.

सोने, चांदी, तांबे यांचे अणू असेच दाटीने बसलेले असतात. त्यांचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून सोन्याची तार निघते आणि तांब्याचा पत्रा ठोकून हंडा होतो. निखळ सोन्याचा दागिना मात्र लवकर वाकतो. म्हणून 22 कॅरेटमध्ये सुमारे 91.6 टक्के सोने आणि बाकी तांबे-चांदीसारखा धातू असतो. तांब्याचा अणू लहान, तो मध्ये आला की थर अडखळतात आणि दागिना टणक होतो.

लोखंडाचे तसे नाही. थंड लोखंडात अणूला आठच शेजारी लागून असतात आणि 68 टक्के जागा भरते. 912 अंश सेल्सिअसच्या वर तापले की तेच अणू सरकून बारा शेजाऱ्यांच्या दाट रचनेत बसतात. गंमत अशी की, या दाट रचनेत एकूण पोकळी कमी, पण एकेक पोकळी मोठी असते. म्हणून तापलेल्या लोखंडात कार्बन जास्त मावतो.

पुढे विळ्यांच्या दुकानासमोर आम्ही विचारले, लाल झालेले पोलाद पाण्यात का बुडवतात? सगळे गप्प. मग मागे उभा असलेला एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, पाणी पाजलं की धार टिकते. पण नुसतं तेवढंच केलं तर पातं तडकतं. अब्बा परत थोडं तापवतात.”

उत्तर अगदी बरोबर होते. एकदम थंड केल्यावर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, रचना ताणली जाते, म्हणून पोलाद कडक पण ठिसूळ होते. पुन्हा बेताने तापवले की ताण उतरतो आणि चिवटपणा येतो. हा मुलगा शिकलगारांच्या घरचा. वडील काय करतात असे विचारले की वर्षभर तो “मजुरी” एवढेच सांगत असे. दहावीनंतर शिकायचे नाही, असेही त्याच्या मनात होते. त्या दिवशी दुकानापुढे वर्गातली मुले त्यालाच प्रश्न विचारत होती आणि तो सांगत होता.

कुरआन शरीफमध्ये एका सूरहचे नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड, आहे. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख त्यात दुसरीकडे येतो. ज्या दीनमध्ये लोहारकामाला ही इज्जत आहे, तिथे आपल्या मुलांनी वडिलांचा हुन्नर लपवावा, याचे आम्हाला दुःख होते. शिकलगार, कल्हईवाले, वेल्डर अशा कितीतरी घरांत विज्ञान रोज चालते, फक्त त्याला पुस्तकातले नाव मिळालेले नसते.

वाचक भावांनो आणि बहिणींनो, तुमच्या घरात असा हुन्नर असेल तर या सुट्टीत मुलांना शेजारी बसवा आणि प्रत्येक काम का करतो ते सांगा. मग त्यांना पुढे शिकवा, आयटीआय असो वा इंजिनिअरिंग. त्या मुलाच्या अब्बांना आम्ही शाळेत बोलावले आहे. पुढच्या महिन्यात धातूंचा धडा ते घेणार आहेत.