दादा, गाडी मी घेतली

प्रिय दादा,

तू रुसलायस, असं वहिनी म्हणाली. फोनवर नुसतं "बरं झालं" म्हणून फोन तिच्या हातात दिलास, तेव्हाच मी ओळखलं होतं. "मला एका शब्दानं विचारलं नाही," असं म्हणालास ना? नाही विचारलं. विचारलं असतं तर तू आला असतास, म्हणूनच नाही विचारलं.

माझी पहिली गाडी आठवते? तू, तुझा गॅरेजवाला मित्र आणि शेजारचे काका असे तिघं सांगलीहून पुण्याला आलात आणि बॉनेट उघडून तिघांनीही माना आत घातल्यात. मी मागं उभी, पाण्याची बाटली धरून. कर्ज माझ्या पगारावर होतं आणि मला काय विचारलंस? "बेबी, रंग चालेल ना?" तीन महिन्यांत क्लच गेला. तू मेस्त्रीला परस्पर पैसे पाठवलेस आणि मला सांगितलंस, किरकोळ काम होतं. मला कळलं होतं रे. कळल्याचं तुला कळू दिलं नाही, एवढंच.

या वेळी आधी एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेले. पहिला प्रश्न, "सर कधी येतायत?" सर येणार नाहीत म्हटल्यावर, "मग भाऊ वगैरे?" भाऊ सांगलीला असतो म्हटलं, तर गडी खुलला. "मॅडम, सांगली पासिंगचीच दाखवतो की!" एमएच-१० ची २०१७ ची गाडी, चकाचक, बाकीच्यांपेक्षा साठेक हजारांनी स्वस्त. आत अत्तराचा असा घमघमाट की डोकं उठावं. मी काही न बोलता ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट ओढायला लागले. "बेल्ट चालू आहे, मॅडम," तो हसला. मी ओढतच राहिले, पार टोकापर्यंत. एरवी खांबात गुंडाळून पडलेला तो शेवटचा हातभर पट्टा ताठरला होता आणि त्यावर आडवी रेघ होती, तांबूस मातीची.

ती रेघ मी कुठं पाहिली होती, सांगू? २०१९ च्या ऑगस्टमध्ये. सांगलीची पंचमी पुरातच गेली त्या वर्षी. आयर्विन पुलाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, पाणी ५७ च्याही वर गेलं होतं. ओसरल्यावर मी आले, तेव्हा तू दारातल्या तुझ्या गाडीत बसून बेल्ट बाहेर ओढत होतास, विहिरीचा दोर ओढावा तसा. बेल्टाबरोबर चिखल आला. तू म्हणालास, "बाहेरनं कितीही धुतली तरी हे राहतंय बघ." विमावाल्यांनी गाडी निकालात काढली, कोणीतरी ती उचलून नेली. कापतील, असं तू म्हणाला होतास. सगळ्याच कापल्या असतील का रे?

मी सीटखाली हात घातला, रुळांवर गंज लागला बोटांना. दुकानदार फोनवर बोलायला बाहेर गेला तो आलाच नाही.

घेतली ती निगडीच्या एका निवृत्त बाईंकडून. पांढरी वॅगन आर, २०१६ ची, एकहाती. त्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, मी येईपर्यंत चालू करू नका. बॉनेटवर तळवा ठेवला तर गार होतं. पहिल्याच किल्लीला लागली आणि धूर नाही. ऑइलच्या झाकणाला आतून साय धरलेली नाही. टायरवर शेवटचे चार आकडे १४१६, म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा. मीटर ३६ हजार दाखवत होता तो खोटा नसावा, याचा एक पुरावा तिथं मिळाला आणि भाव पाडायला मुद्दाही. आठ वर्षांचं रबर म्हणजे चारही टायर नवे घालणं आलं. डाव्या फेंडरच्या बोल्टांचा रंग पान्यानं उडालेला होता. विचारलं, तर बाई सरळ म्हणाल्या, "फाटकाला घासली होती हो." मला त्या तिथंच आवडल्या.

चालवून आणल्यावर हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन गचका खाऊन बंद पडलं. बाई हळूच म्हणाल्या, "नवीन शिकताय का?" क्लच धडधाकट असल्याचीच ती खूण. हे त्यांना समजावत बसले नाही. आणि ऐक, एकटीनं घेतली म्हणजे सगळं मीच पाहिलं असं नाही. हजार रुपये देऊन मेस्त्रीकडं लिफ्टवर चढवून खालून बघून घेतली. त्यानं सांगितलं, ठरवलं मी.

खरी घासाघीस कागदांवर झाली. ‘वाहन’ पोर्टलच्या नोंदीत आरसीवर बँकेचा बोजा तसाच दिसत होता. "फेडलंय हो कधीचं!" फेडलं असेल, पण उतरवलेलं नव्हतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ होईपर्यंत पाच हजारांच्या वर एक रुपया दिला नाही. पाच आठवडे रिक्षानं ऑफिसला गेले. मग २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या, आणि विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करायला टाकला. त्यांचा नो क्लेम बोनस त्यांचाच राहतो, हे मी सांगितलं तर बाईंनी मला चहाला थांबवलं. तीन चाळीस म्हणत होत्या, तीन पाचला दिली.

बेल्ट? तो सगळ्यात आधी ओढला. टोकापर्यंत कोरा होता.

आरसी काल स्पीड पोस्टानं आली. फोटो पाठवला नाही, आधी तुझा राग जाऊ दे. रंगाबद्दल तुझं मत मात्र हवंय मला.

पंचमीला येतेय. पेठ नाक्यावरून आत वळले की गाडी थांबवून फोन करीन. स्टँडवर येऊ नकोस. दारातली तुझी बुलेट तेवढी जरा भिंतीकडं सरकवून ठेव.

तुझी,
बेबी