वांगी रंगाच्या विमानाला निरोप

११ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री विस्ताराची शेवटची विमानं सुटली. दुसऱ्या दिवसापासून तीच विमानं एअर इंडियाची झाली आणि ‘यूके’ने सुरू होणारे उड्डाण क्रमांक ‘एआय’ने सुरू होऊ लागले. ९ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या या कंपनीला दहा वर्षंही पुरी करता आली नाहीत. तिच्या वांगी रंगाबद्दल, विमानातल्या जेवणाबद्दल पुष्कळांनी हळहळून लिहिलं. मला आठवण काढायची आहे ती तिच्यासोबत गेलेल्या क्लब विस्ताराची, म्हणजे प्रवाशांना गुण देणाऱ्या योजनेची.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला तिचं काय, असं कुणी विचारेल. आमच्याकडे मोरव्याची धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं विमान तिथून सुटत नाही. चंद्रपूरहून वरोरा, जाम, बुटीबोरी करत, गडचिरोलीहून आरमोरी, नागभीड, उमरेड करत नागपूर गाठायचं. तिथून बहुतेकदा मुंबई किंवा दिल्ली, आणि मग परदेश. वाट इतकी लांब आणि खर्चाची, म्हणूनच इथली माणसं गुण जपतात. वीज केंद्रातले अभियंते, कोळसा खाणीतले अधिकारी, दवाखाना चालवणारे डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक. लेक लंडनला, नात सिंगापूरला. त्यांच्यासाठी गुण म्हणजे पुढच्या भेटीच्या तिकिटातला काही वाटा आधीच भरून ठेवणं.

क्लब विस्ताराचा हिशेब घरातल्या कुणालाही समजेल असा होता. किती मैल उडालात हा प्रश्नच नव्हता. तिकिटावर जो खर्च झाला त्याच्या दर शंभर रुपयांमागे ठरलेले गुण, आणि सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी पायरी चढत गेलात की तो दर वाढे. गुण तीन वर्षं टिकत. बँकांच्या विस्तारा कार्डांवर वर्षभरात ठरावीक खर्च झाला की तिकिटाचं व्हाउचर मिळे. किराणा, औषधं, मुलांची फी असा रोजचा खर्च त्या कार्डावर टाकून म्हाताऱ्या आईवडिलांना वर्षाकाठी एकदा मुलाकडे पाठवणारी कुटुंबं मला माहीत आहेत. विमानप्रवास त्यांच्या आवाक्यात आणला तो या व्हाउचरनं.

विलीनीकरणाची घोषणा २९ नोव्हेंबर २०२२ ला झाली आणि पुढची दोन वर्षं एकच प्रश्न राहिला: आता गुण कुठे साठवायचे? भीती उगाच नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणं थांबली. गुण खात्यात राहिले, पण ज्या विमानासाठी ते जमवले ते विमानच उरलं नाही. आमच्या माणसांची अडचण आणखी वेगळी होती. नागपूर-मुंबईचा टप्पा एअर इंडियानं केला तर गुण तिच्या फ्लाइंग रिटर्न्स योजनेत, पुढचा विस्तारानं केला तर क्लब विस्तारात. दोन्हीकडे थोडे थोडे, आणि कुठेच पुरेसे नाहीत.

शहाण्यांनी घाई केली नाही. दोन्ही खात्यांवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घेतलं, कारण वडिलांचं नाव एका ठिकाणी असलं आणि दुसऱ्या ठिकाणी नसलं की खाती जोडताना तिथेच घोडं अडतं. व्हाउचरला मुदत असते, म्हणून ती आधी वापरली आणि गुण मागे ठेवले. एप्रिल २०२४ मध्ये फ्लाइंग रिटर्न्सनं अंतराचा हिशेब सोडून खर्चावर गुण द्यायला सुरुवात केली. दोन्ही वह्या एकाच पद्धतीनं लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा पुढे काय होणार हे स्पष्ट झालं. ३ सप्टेंबरपासून १२ नोव्हेंबर आणि त्यापुढची विस्ताराची तिकिटं मिळेनाशी झाली. अखेर एका गुणाला एक गुण या दरानं सगळं महाराजा क्लबात, म्हणजे फ्लाइंग रिटर्न्सच्या नव्या रूपात, गेलं. थांबलेल्यांचं नुकसान झालं नाही.

नागपूरच्या धावपट्टीनं अशी नावं जाताना आधीही पाहिली आहेत. आठ कंपन्या एकत्र करून १९५३ मध्ये झालेली इंडियन एअरलाइन्स विदर्भाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची होती. २००७ मध्ये तीही एअर इंडियात गेली आणि २०११ मध्ये तिच्या उड्डाण क्रमांकांपुढचा ‘आयसी’ संपला.

मिळालं ते मी नाकारत नाही. विस्तारा स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात नव्हती, एअर इंडिया आहे. लुफ्थान्सा किंवा युनायटेडनं मुलाकडे जाणाऱ्यांचे गुण आता नागपूरच्या टप्प्यासोबत एकाच खात्यात येऊ शकतात. आमच्यासारख्या आडवाटेच्या जिल्ह्यांना ही सोय खरोखरच मोठी आहे.

तरीही क्लब विस्ताराची जागा भरली असं मला वाटत नाही. तिथे गोल्ड कार्ड नसलेल्या प्रवाशालाही आपला हिशेब कुणीतरी नीट ठेवतंय असा भरवसा होता.