खोडलेली बेरीज

गेल्या श्रावणांतील एका संध्याकाळची ही हकीकत आहे, आणि तींत मजकडे फारसें श्रेय येत नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों.

माझी नात चौथींत आहे. दिवेलागणीनंतर ती माजघरांत वही घेऊन बसली होती. उदाहरण असें: ताई व तिचा भाऊ यांजजवळ मिळून ९० रुपये आहेत, ताईजवळ भावापेक्षां १८ रुपये अधिक आहेत, तर ताईजवळ किती? मुलीनें ९० व १८ यांची बेरीज मांडून १०८ लिहिले. तें पाहतांच माझ्यांतला जुना गणिताभिमानी जागा झाला. "अधिक" हा शब्द दिसला कीं मुलें बेरीज करून मोकळीं होतात, हा माझा कित्येक वर्षांचा अनुभव. आपल्या भाषेंत बेरजेच्या चिन्हालाही अधिकच म्हणतात. त्याला मुलांनीं तरी काय करावें! मीं रबर घेऊन १०८ खोडून टाकले आणि माझी रीत सांगूं लागलों. ९० मधून १८ गेले, राहिले ७२. निम्मे ३६ ते भावाचे. त्यांत १८ मिळविले म्हणजे ताईचे ५४.

"पण आजोबा—" ती म्हणाली.

"पण नाहीं आणि बिण नाहीं," मी म्हणालों. तिच्या डोळ्यांत पाणी आलें.

सूनबाई स्वयंपाकघरांतून आल्या. मला एक शब्दही न बोलतां त्यांनीं वहींत दोन आडव्या पट्ट्या काढल्या. वरची ताईची, खालची भावाची. दोहोंची डावी कड एका रेषेंत. वरची पट्टी जेवढी पुढें गेली तेवढ्या भागावर १८ लिहिले आणि उजवीकडे दोहोंना मिळून कंस घालून ९०. (पट्ट्यांची ही रीत सिंगापूरच्या प्राथमिक शाळांतून १९८० नंतरच्या दशकांत रूढ झाली व पुढें इतर देशांत गेली.) मग पेन्सिल मुलीच्या हातीं दिली.

तिनें भावाच्या पट्टीपुढें तुटक रेघांनीं तेवढाच तुकडा जोडला. "भावाला आणखी १८ दिले तर दोन्ही पट्ट्या ताईएवढ्या होतात. म्हणून १०८. त्याचे निम्मे ५४."

मी पाहतच राहिलों. तिची बेरीज बरोबर होती. शिवाय ताईचेच रुपये विचारले असल्यामुळें तिला दोनच पायऱ्या लागल्या, मला तीन!

रात्रीं कपाटांतून 'लीलावती'चें भाषांतर काढलें. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या त्या ग्रंथांत संक्रमण नांवाचें गणित आहे. दोन संख्यांची बेरीज व त्यांतील अंतर ठाऊक असतां, बेरजेंत अंतर मिळवून निम्मे केले म्हणजे मोठी संख्या येते. वजा करून निम्मे केले म्हणजे लहान. मुलीनें केलें होतें तें यांतलें पहिलें. हा नियम मीं लहानपणीं वडिलांपुढें उभें राहून घडाघडा म्हटला आहे. परंतु तो खरा कां ठरतो, हें मला कोणीं दाखविलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं. वडिलांपुढें "पण" हा शब्द काढण्याची आमची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातीपाशीं चूक कबूल करून खोडलेली बेरीज मीं माझ्या हातानें वहींत पुन्हां लिहून दिली. तिनें ती नीट न्याहाळली, माझा ८ वांकडा आला आहे म्हणाली, आणि रबर मागितलें.